विंचवाचे बिऱ्हाड रॉकी पर्वताच्या वाटेवर

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठी माणूस थट्टेने किंवा सहानुभूतीने वापरतो. बदलीच्या नोकरीपायी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाला ती हमखास चिकटते. अमेरिकेत मात्र हजारो जोडपी असे बिऱ्हाड स्वखुशीने पाठीवर घेतात. मुले मार्गी लागली की राहते घर विकायचे, सामान वाटून टाकायचे आणि उरलेला संसार पंचवीस-तीस फुटांच्या गाडीत बसवून जोडीदारासह रॉकी पर्वताची वाट धरायची, असा हा बेत असतो. छायाचित्रांत हे जीवन अतिशय मोहक दिसते. ते निभावण्यासाठी मात्र पाणी, वजन, उंची आणि कायदा यांचा हिशेब रोज मांडावा लागतो.

घर आणि गाडी

अशा वाहनास 'रिक्रिएशनल व्हेइकल' किंवा थोडक्यात 'आरव्ही' म्हणतात. १९१० साली 'पिअर्स-ॲरो' कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झोपण्याची सोय असलेली 'टूरिंग लँडो' ही मोटार मांडली. तेथून या वाहनांचा इतिहास सुरू झाल्याचे मानले जाते. आज त्यांचे मुख्य प्रकार दोन आहेत. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेले ते मोटारहोम, तर पिकअप गाडीने ओढून नेण्याचे घर म्हणजे ट्रेलर. डोंगराळ मुलखात ट्रेलरचा एक फायदा असतो. घर तळावर सोडून पिकअपने अरुंद रस्त्यांवर भटकता येते. मोटारहोमवाले याच कारणासाठी मागे एखादी छोटी मोटार बांधून नेतात.

लिटर आणि किलोंचा संसार

शहरात नळ सोडला की पाणी येते आणि मोरीतून निघून जाते. येथे दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. गाडीत सहसा तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची आणि तिसरी मैलापाण्याची. दीडशे लिटरची टाकी भरली की गाडीचे वजन दीडशे किलोंनी वाढते. प्रत्येक गाडीची वजनाची कमाल मर्यादा ठरलेली असते. त्यामुळे पाणी किती न्यायचे आणि पुस्तके किती ठेवायची, हे दोन्ही प्रश्न एकाच तराजूत येतात. मैलापाण्याची टाकी अधिकृत केंद्रावरच रिकामी करावी लागते. ती वाटेत कोठेही सोडून देणे हा गुन्हा आहे.

खासगी तळांवर वीज आणि पाण्याची जोडणी मिळते. रानात मुक्काम असेल तर छतावरील सौरपट्ट्या आणि बॅटऱ्या यांच्यावरच भागवावे लागते. स्वयंपाक आणि ऊब यांसाठी प्रोपेन वायूच्या टाक्या असतात. बंद गाडीत ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. म्हणूनच या वायूची सूचना देणारी घंटा हे या घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक उपकरण समजले जाते.

डोंगराचे नियम

रॉकी पर्वताची उंची ध्यानात येण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. कोलोरॅडोतील लेडव्हिल हे नांदते गाव त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर, सुमारे ३,१०० मीटरवर वसलेले आहे. या उंचीवर हवा विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. दहा हजार फुटांवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते. साहजिकच उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही आणि कुकरचे महत्त्व पटते. सपाटीवरून थेट वर आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश जाणवू शकतो. म्हणून जाणती जोडपी टप्प्याटप्प्याने चढतात.

चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा असतो. अनेक टन वजनाची गाडी केवळ ब्रेकवर रोखत राहिले तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. यावर उपाय एकच. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनाच्या बळावर आवरायची. मोठ्या घाटांत ब्रेक निकामी झालेल्या वाहनांसाठी खडीचे चढते फाटे बांधलेले असतात. ते पाहिले म्हणजे हा धोका किती खरा आहे, याची कल्पना येते.

सगळेच घाट सर्वांना खुले नसतात. कोलोरॅडोतील ३,६८६ मीटर उंचीच्या इंडिपेंडन्स खिंडीत ३५ फुटांहून लांब वाहनांना मनाई आहे. माँटाना राज्याच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील 'गोइंग-टू-द-सन' रस्त्याच्या अवघड टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही. सिल्व्हरटन ते युरे या 'मिलियन डॉलर हायवे'वर तर अनेक ठिकाणी दरीच्या बाजूला कठडाच नाही.

पायी भटकंतीचेही नियम आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये कोलोरॅडोच्या शिखरांवर दुपारी विजांचे वादळ वारंवार येते. म्हणून पहाटे निघून मध्यान्हीपूर्वी माथा सोडण्याची तेथे रीत आहे. यलोस्टोन उद्यानात अस्वल आणि लांडगे यांच्यापासून किमान १०० यार्ड दूर राहणे बंधनकारक आहे. तेथील फिशिंग ब्रिज तळावर अस्वलांच्या वावरामुळे तंबूंना मज्जाव असून केवळ भक्कम भिंतींच्या गाड्यांनाच प्रवेश मिळतो.

मुक्काम आणि पत्ता

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट'कडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक भरते. त्यातील बऱ्याच भागात विनाशुल्क तळ ठोकता येतो. मात्र साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांहून अधिक काळ एका जागी राहता येत नाही. हिमवर्षाव सुरू झाला की गाडीतील नळ गोठू लागतात आणि ही मंडळी पक्ष्यांप्रमाणे दक्षिणेकडे सरकतात. ॲरिझोनातील क्वार्टझसाइट गावाजवळच्या वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात शुल्क भरून दीर्घ मुक्कामाची परवानगी मिळते.

घर फिरते असले तरी मतदान, वाहन परवाना आणि विमा यांसाठी पत्ता लागतोच. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या राज्यांत व्यक्तिगत उत्पन्नावर राज्याचा कर नाही. टपाल स्वीकारून पुढे पाठविणाऱ्या संस्थाही तेथे आहेत. त्यामुळे अनेकांचा कागदोपत्री पत्ता तेथला असतो. खर्चाला हातभार म्हणून कित्येक जोडपी उन्हाळ्यात सरकारी तळांची देखरेख करतात. मोबदल्यात त्यांना गाडीसाठी विनाशुल्क जागा मिळते.

दोघांपैकी एक थांबला तर...

कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली आपल्या 'रोसिनांते' या गाडीतून अमेरिका पाहण्यास निघाले, तेव्हा सोबतीला चार्ली हा कुत्रा होता. १९६२ सालच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'ने त्या सोबतीला कीर्ती मिळवून दिली. कायमच्या भटकंतीत मात्र सोबत ही गरज होऊन बसते. गाडी मागे घेताना एकजण चाकावर तर दुसरा खाली उभा राहून इशारे देतो. मोबाइलची रेंज नसलेल्या खोऱ्यात पाय मुरगळला तर मदत आणणाराही तोच असतो. म्हणून गाडी चालविणे, टाक्या रिकाम्या करणे, वायू बंद करणे ही कामे दोघांनाही आली पाहिजेत, असा जुन्याजाणत्यांचा आग्रह असतो. एकाच्याच हाती सारी सूत्रे असतील, तर तो आजारी पडताच घर जागच्या जागी थबकते.

या जीवनाला दुसरी बाजूही आहे. २००८च्या मंदीनंतर अनेक वृद्धांनी नाइलाजाने चाकांवरच्या घराचा आश्रय घेतला. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ सालच्या 'नोमॅडलँड' पुस्तकाने हंगामी मजुरीवर जगणाऱ्या अशा माणसांची कहाणी जगासमोर आणली. त्यावरील चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. डोंगर तोच, रस्ता तोच. फरक असतो तो परतीची वाट शिल्लक असण्या-नसण्याचा.

हे ओळखूनच १९७८ साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीधारकांच्या संघटनेने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे 'केअर' केंद्र उभारले. वय वा आजारपण यांमुळे प्रवास थांबलेल्यांना तेथे आपल्याच गाडीत राहून जेवणखाण आणि देखभाल मिळावी, ही त्यामागची कल्पना. घर विकण्यापूर्वी 'पुढे कोठे जायचे' हे प्रत्येक जोडपे ठरविते. 'कधी आणि कोठे थांबायचे' हेही ज्यांनी त्याच दिवशी ठरविले, त्यांनाच पर्वतातील ती मोकळी सकाळ निश्चिंत मनाने अनुभवता येते.