सोलापूरचे शेठ आणि त्यांचा हिशेब

उद्योगपतींविषयी सोलापुरात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, शेठ होते म्हणून गाव जगलं. दुसरा म्हणतो, गाव लुटून शेठ मोठे झाले. दोन्ही सुरांत तपशील चुकतात, आणि तपशील चुकले की न्यायही चुकतो.

वालचंद हिराचंदांनी सोलापूरच्या गिरण्या काढल्या, हा पहिला गैरसमज. वालचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. वडील हिराचंद नेमचंद इथले कापसाचे व्यापारी. पण 'जुनी मिल' म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी त्याआधीच, १८७०च्या दशकात, मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी उभारली. वालचंदांची सुरुवात कापडातून झालीच नाही. लक्ष्मणराव फाटक या जुन्या रेल्वे कारकुनाच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तिथून ते बांधकामात शिरले. त्यांच्या नावाची कॉलेजं त्यांनी स्वतः काढली असंही अनेकांना वाटतं. ते एप्रिल १९५३ मध्ये वारले. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव १९५५ साली, ट्रस्टच्या देणगीनंतर मिळालं. सोलापूरची वालचंद कॉलेजंही त्यांच्या पश्चातली.

वालचंदांच्या सिंदिया जहाज कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं आणि इंग्रजांची मक्तेदारी मोडली, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. दरवर्षी त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिनही पाळला जातो. अभिमान रास्त आहे, कथा मात्र अर्धी आहे. ते जहाज तोट्यात गेलं आणि काही वर्षांतच भंगारात निघालं. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदिया कंपनीला जेरीस आणलं. शेवटी १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला आणि सिंदियाला किनाऱ्यालगतच्या मालवाहतुकीपुरतं, तेही ठरलेल्या मर्यादेत, राहावं लागलं. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते नरोत्तम मोरारजी, म्हणजे जुन्या मिलच्या संस्थापकांचेच चिरंजीव. सोलापूरच्या गिरणीशी जोडलेलं घराणं आणि सोलापूरचा ठेकेदार या धंद्यात असे एकत्र आले होते. मला या कहाणीत विजयापेक्षा चिकाटी मोठी वाटते: विशाखापट्टणमच्या सिंदिया गोदीतून 'जलउषा' पाण्यात उतरली ती १९४८ साली, जवळजवळ तीस वर्षांनी.

बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टबद्दलही असंच. डिसेंबर १९४० मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा पुढाकार वालचंदांचा होता, पण म्हैसूर संस्थानाचं भांडवल आणि पाठबळ नसतं तर ती उभी राहिली नसती. १९४२ साली सरकारने वालचंदांचा वाटा घेतला. एकट्या माणसाच्या नावावर ती टाकणं म्हैसूरवर अन्याय आहे.

आता दुसरी बाजू. गिरण्यांनी गोरगरिबांना आपखुशीचा रोजगार दिला, हेही सरसकट खरं नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कित्येक कुटुंबांना सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत डांबलं होतं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, आणि गिरणीत कामाला जायचं. कुंपण सरकारचं होतं, पण त्याआडचे स्वस्त हात गिरण्यांना मिळाले. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. त्या भागाला सोलापूरकर आजही 'सेटलमेंट'च म्हणतात. गिरण्यांचा इतिहास सांगताना ही माणसं वगळणं मला अक्षम्य वाटतं. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगींच्या पैशातून अडीच हजारांवर वाचनालयं झाली, पण १८९२ साली त्यांच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातल्या संपात माणसं मेली, हे तिथे त्यांच्या चरित्रात सोबतच सांगितलं जातं. आपल्याकडेही तसंच व्हायला हवं.

शेवटचा गैरसमज सर्वांत पक्का आहे: कामगारांच्या संपांनी गिरण्या बुडाल्या. १९८२ चा दत्ता सामंतांचा मुंबईतला संप लोकांच्या डोक्यात इतका बसला आहे की सोलापूरचा हिशेबही त्यातच मिसळतो. सोलापूरची लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली १९९०च्या दशकात, त्या संपानंतर कितीतरी वर्षांनी. आणि जुनी मिल तर ऑगस्ट १९४९ मध्येच बंद झाली होती. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने तिचा ताबा घेण्यासाठी वटहुकूम काढला, त्यात कारण स्पष्ट लिहिलं होतं: व्यवस्थापनाचा गैरकारभार आणि हेळसांड, त्यातून उत्पादनाचं नुकसान आणि बेकारी. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० मध्ये चरणजितलाल चौधरी हरले. डिसेंबर १९५३ मध्ये मात्र द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की मोबदला न देता कंपनीचा ताबा घेणं घटनेत बसत नाही. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हा एक. मालमत्तेच्या हक्काचा निवाडा झाला. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या कामगारांच्या बुडालेल्या मजुरीचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता.