कमांड लाइन

कमांड लाइन : कळफलकावरून टंकलिखित आज्ञा देऊन संगणकाकडून काम करून घेण्याची पद्धती. आज्ञेचा अर्थ लावून ती अंमलात आणणाऱ्या आज्ञावलीस ‘शेल’ म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स प्रणालीच्या विकासास प्रारंभ केला. तीत प्रत्येक साधन एकच काम नेमकेपणाने करते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये ‘पाइप’ची सोय झाली, तिच्यामुळे एका साधनाचे फलित दुसऱ्यास आदान म्हणून मिळते. उदा., मोठ्या नामसूचीतून ‘ग्रेप’ने हव्या त्या ओळी निवडाव्यात, ‘सॉर्ट’ने त्यांचा क्रम लावावा व ‘युनिक’ने पुनरुक्ती गाळावी, ही तिन्ही कामे एकाच ओळीत होतात.

मराठी मजकुराबाबत मात्र दक्षता आवश्यक ठरते. रायगड जिल्ह्यातील रोह्यानजीकच्या ‘वरसे’ या गावाचे नाव वाचकास तीन अक्षरी दिसते. युनिकोडमध्ये एकाराची मात्रा स्वतंत्र चिन्ह असल्याने त्यात चार चिन्हे भरतात आणि यूटीएफ-८ संकेतनात ते १२ बाइट व्यापते. म्हणून ‘डब्ल्यूसी’ या गणनसाधनास काय मोजावयाचे, हे स्पष्टपणे सांगावे लागते. तसेच केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे.

‘आरएम’ या आज्ञेने काढून टाकलेली फाइल कचरापेटीत जात नाही व सामान्यतः परत मिळत नाही. यास्तव महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत आधी अन्यत्र ठेवणे इष्ट असते.