पोलादाच्या आधी माती

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपानने घेतलेल्या औद्योगिक झेपेचे श्रेय आपल्याकडे जपानी माणसाच्या शिस्तीला आणि कष्टाळूपणाला दिले जाते. हे गुण निर्विवाद आहेत. पण ते युद्धापूर्वीही होतेच. १९४५ नंतर बदलली ती समाजाची घडी, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

डिसेंबर १९४५ मध्ये तेथील कामगारांना संघटनेचा कायदेशीर हक्क मिळाला. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या. ३ मे १९४७ रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने सार्वभौमत्व जनतेला दिले. सम्राट राष्ट्राचे प्रतीक तेवढे उरले. याहून खोलवर गेली ती जमीनसुधारणा. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळांकडे असलेली सर्व जमीन आणि गावातल्यांची ठराविक मर्यादेपलीकडची जमीन सरकारने विकत घेऊन कसणाऱ्यांना दिली. पूर्वी जवळजवळ निम्मी शेतजमीन कुळे कसत. सुधारणेनंतर हे प्रमाण सुमारे दशांशावर आले. १९५० पर्यंत हे काम बहुतांशी पुरेही झाले.

हे परिवर्तन अमेरिकी लष्करी अमलाखाली घडले आणि १९५० च्या कोरियन युद्धातील मागणीने जपानी कारखान्यांना बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि, खंडाच्या ओझ्यातून सुटलेला शेतकरी त्या कारखान्यांच्या मालाचा गिऱ्हाईक झाला, हेही विसरता येत नाही.

गोमंतकाला ही कथा परकी नाही. १९५० च्या दशकात आपल्या डोंगरांतले लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले. आपली माती तेथे पोलाद झाली. त्या देशाकडून आपण खनिजाचा मोबदला घेतला. त्याने आपल्या मातीचा प्रश्न प्रथम कसा सोडवला, तो धडा मात्र घेतला नाही. मुक्तीनंतर कुळकायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदाही झाला; पण मुंडकारांचे दावे मामलेदारांच्या कचेऱ्यांत आजही पडून आहेत. दावा लावणारा आजोबा गेला, नातू तारखांना हजर राहतो. जपानने जे काम काही वर्षांत उरकले, त्याला आपल्याकडे पिढ्या लागाव्यात, हे भूषणावह नाही. खाणी पुन्हा सुरू करण्याची घाई करणाऱ्या सरकारने हे दावे निकाली काढण्याचीही तितकीच घाई करावी.