रात्रीच्या तिकिटाचा हिशेब

कापड थानावर नव्हे, मीटरवर जोखावे. अमेरिकेतील नातेवाइकांकडे जाऊन डिस्नेची बाग पाहणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम बागेने २०१६ मध्ये ‘आफ्टर अवर्स’ सुरू केले. बाग बंद झाल्यावर तीन तास. तिकीट वेगळे, तेव्हा १४९ डॉलर. चौघांचे ५९६ झाले. आइस्क्रीम व थंड पेये त्यातच.

माल कोणता? राइड तर दिवसाचीच. तिकिटे मोजकी विकतात, म्हणून रांग लहान होते; दाम त्या वाचलेल्या वेळेचे. तीन तासांत दहा राइड झाल्या तर एक पंधरा डॉलरला पडली, तीनच झाल्या तर पन्नासला. नऊला झोपणारी मुले सोबत असतील तर सौदा तोट्याचा.

या तिकिटावर सायंकाळी सातपासूनच आत घेतात. म्हणून दिवसाचे तिकीट वाचवून फक्त रात्र गाठणाऱ्यास व्यवहार परवडतो. एकाच दिवशी दोन्ही तिकिटे काढणारा एकाच दुकानात दोनदा गल्ला भरतो. दर तारखेनुसार बदलतो. त्या दिवसाचा भाव पाहूनच खिशात हात घालावा.