‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी गेली?

लोअर परळला फिनिक्स, कमला या गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि कचेऱ्या आहेत. ‘ले-ऑफ’ हा शब्द मात्र तिथे अजून ऐकू येतो, आणि तो आला की नोकरी गेलीच, असं घरचे धरून चालतात.

अमेरिकन इंग्रजीत आज हा अर्थ रूढ आहे. आपल्या कायद्यात नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्या अशी: कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई, पडून राहिलेला माल, यंत्रातला बिघाड किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर आहे, तो ले-ऑफ. पाळीच्या वेळेला कामगार गेटवर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम मिळालं नाही, तर त्या दिवसापुरता तो ‘लेड ऑफ’. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला त्या दिवसाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई देण्याची तरतूद होती. त्यासाठी रोज एकदा तरी हजेरी लावावी लागे. वर्ष न भरलेला बदली कामगार यातून वगळला जायचा आणि रिकाम्या हाताने घरी जायचा. मालकाने शिक्षेखेरीज नोकरी कायमची संपवली, तर तिला कायदा ‘रिट्रेंचमेंट’ म्हणतो. तिचे नियम आणि भरपाई वेगळी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा फरक कायम आहे.

गिरण्यांच्या संपालाही काही जण ले-ऑफ म्हणून मोकळे होतात. हे मला फार खटकतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार स्वतः काम सोडून बाहेर पडले. तो संप. मालक गेटला टाळं लावतो ती टाळेबंदी, म्हणजे ‘लॉकआउट’. या दोहोंत भांडण असतं. ले-ऑफमध्ये भांडण नसतं, काम नसतं. लालबाग-परळच्या माणसांनी जे सोसलं, त्याला निदान नाव तरी बरोबर द्यावं.

आता इंग्रजी वाक्याकडे. ‘आय वॉज ले-ऑफ्ड’ चूक आहे, ‘आय वॉज लेड ऑफ’ बरोबर. ‘वॉज’ गाळलं की कमी करणारे तुम्हीच ठरता. शब्दांची जागाही महत्त्वाची. ‘ले हिम ऑफ’ म्हणजे त्याला कामावरून कमी करा. ‘ले ऑफ हिम’ म्हणजे त्याच्या मागे लागू नका, सोडा त्याला. डॉक्टर ‘ले ऑफ स्वीट्स’ म्हणाले तर गोड बंद करायचं आहे. फुटबॉलमध्ये ‘ले ऑफ द बॉल’ म्हणजे जवळच्या खेळाडूकडे चेंडू हलकेच सरकवणं.

मुलाखतीत ‘आय वॉज फायर्ड’ म्हणणं तर सर्वांत महागात पडतं. त्यातून तुमचा काही दोष होता असा अर्थ निघतो. कंपनीने माणसं कमी केली असतील तर ‘लेड ऑफ’च म्हणा. आणि हातात पत्र पडलं तर सही करण्याआधी त्यात ‘ले-ऑफ’ लिहिलंय, ‘रिट्रेंचमेंट’ लिहिलंय की ‘रेझिग्नेशन’, ते नीट वाचा. राजीनामा दिला की रिट्रेंचमेंटची भरपाई मागता येत नाही.