दीड सेकंद, एकवीस फूट

नील्स बोर यांना काउबॉयचे सिनेमे फार आवडायचे. अणूच्या रचनेवरच्या कामासाठी १९२२ सालचं नोबेल मिळवलेले बोर कोपनहेगनच्या थिएटरात बसून घोडे, धूळ आणि पिस्तुलं बघत, आणि बघताबघता त्यांना एक कोडं पडलं. समोरासमोरच्या झुंजीत खलनायक पिस्तुलाला आधी हात घालतो, तरी मरतो तोच. असं का? दिग्दर्शकाची सोय म्हणून, असं तुम्ही-आम्ही म्हटलं असतं. बोरना ते पटलं नाही. त्यांचा तर्क असा, की खलनायकाला ‘आता काढू’ हे मनाशी ठरवावं लागतं. नायकाला ठरवायचं काही नसतं. समोरचा हलला की त्याचा हात आपसूक चालतो, म्हणून तो जास्त चपळ. मग बोर यांच्या संस्थेतली तरुण मंडळी खेळण्यातली पिस्तुलं घेऊन आली. त्यांच्यातले जॉर्ज गॅमो झाले खलनायक, बोर झाले नायक, आणि बोरच जिंकत राहिले. हा किस्सा खुद्द गॅमोंनी लिहून ठेवला आहे.

२०१० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात अँड्र्यू वेल्चमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण प्रयोगशाळेत नेलं. पिस्तुलांऐवजी बटणं. दोघांनी समोरासमोर बसायचं, ठरलेल्या क्रमानं बटणं दाबायची, सुरुवात कुणी कधी करायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. निघालं काय, तर बोर बरोबर होते! दुसऱ्याला पाहून हललेला हात खरोखरच वेगानं चालतो, सुमारे २१ मिलिसेकंदांनी, म्हणजे जवळपास दहा टक्क्यांनी. फक्त एक गोम होती. समोरचा हलला हे कळून आपला हात हलायला सुरुवात होईपर्यंतच सुमारे २०० मिलिसेकंद गेलेले असतात. २०० हरायचे आणि २१ कमवायचे. नायक चपळपणे मरतो.

हे २०० मिलिसेकंद, सेकंदाचा पाचवा भाग, मला फार विलक्षण वाटतात. प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पडतो, त्याचे विजेचे संकेत होतात, ते डोक्याच्या मागच्या भागात पोचतात, तिथून पुढे ‘हे काय आहे’ याचा निवाडा होतो, मग मेंदूतून कण्यामार्गे स्नायूंना निरोप जातो. बुद्ध्यांक, डिग्री, छातीचा घेर, काहीही असो, हा टोल प्रत्येकाला भरावा लागतो. सरावानं थोडा कमी होतो, माफ कधीच होत नाही. आणि पर्याय जितके जास्त, तितका टोल वाढतो. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९५२ साली दिवे आणि कळा मांडून हे मोजलं. एकच दिवा लागणार हे माहीत असेल तर बोट लगेच हलतं. दहांपैकी कुठलाही लागू शकत असेल तर अडखळतं. पर्याय दुप्पट झाले की दर वेळी साधारण तेवढाच वेळ वाढत जातो. दोन दिवसांच्या शिबिरात स्वसंरक्षणाचे तीस डाव शिकून आलेल्या माणसाची मला म्हणूनच काळजी वाटते. चाकू समोर आल्यावर त्याला आधी तिसांतला एक निवडायचा आहे.

आता यात अंतर मिसळू. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांत डेनिस ट्युलर नावाचे बंदूक-प्रशिक्षक होते. चाकूवाला माणूस किती जवळ आला की धोका म्हणायचा, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी स्टॉपवॉच घेतलं. तयारीच्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून सात यार्डांवरच्या लक्ष्यावर दोन गोळ्या नीट मारायला सुमारे दीड सेकंद लागतो. मग त्यांनी माणसं पळवून पाहिली. उभ्या जागेवरून सात यार्ड, म्हणजे एकवीस फूट, पळायला साधा धडधाकट माणूस किती वेळ घेतो? सुमारे दीड सेकंद. मार्च १९८३ मध्ये त्यांनी हे एका मासिकात मांडलं आणि पोलिसी प्रशिक्षणाचा विचारच बदलला. पुढे लोकांनी त्याचा ‘एकवीस फुटांचा नियम’ करून टाकला. ती लक्ष्मणरेषा नव्हे, नुसता हिशेब आहे. पण हिशेब हादरवणारा आहे.

एकवीस फूट म्हणजे किती? मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. एकवीस फूट म्हणजे त्या रुंदीच्या पावणेदोन पट. डब्याच्या एका दारात पोलीस आणि समोरच्या दारात चाकूवाला असेल, तर पिस्तूल बाहेर येऊन रोखलं जाण्याआधी चाकू पोचलेला असेल. बरं, हा पोलीस रोज सराव करणारा, हत्यार कमरेला, आणि काहीतरी घडणार याची त्याला कल्पना आहे. तुमच्या-माझ्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि चाकूवाला एकवीस फुटांवर नाही, दोन हातांवर.

सिनेमातला नायक वरून येणारा सुरा मनगटात पकडतो आणि पिळतो. तिथे सुरा एकदाच येतो आणि पकडला जाईपर्यंत हवेत थांबतो. खरा हल्ला तसा नसतो. हात शिलाई मशीनच्या सुईसारखा आत-बाहेर होत राहतो, बऱ्याचदा दुसऱ्या हातानं कॉलर धरून. प्रत्येक वाराला सेकंदाचा पाचवा भाग उशिरा प्रतिसाद देणारे हात त्याला कुठवर पुरणार? प्रामाणिक वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो, पळता येत असेल तर पळ. त्यात भित्रेपणा काही नाही, निव्वळ अंकगणित आहे. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ पाहिलेत तर हेच गणित दिसेल. लाठी फिरवणारा मुलगा आपल्याभोवती एक गरगरतं वर्तुळ आखतो. मारणं नंतरचं, आधी समोरच्याला त्या वर्तुळाबाहेर ठेवणं. दांडपट्ट्याचंही तेच. आपल्या हातात लाठी नसते, पण रस्त्यात उभी केलेली मोटार असते, हॉटेलातलं टेबल असतं, रिक्षा असते. मध्ये काहीतरी घाला, की एकवीस फुटांचे चाळीस होतात.

अंतराची ही विद्या आपल्याआधी जनावरांना उमगली. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी बर्न, बासल आणि झुरिकची प्राणिसंग्रहालयं सांभाळली आणि जनावरांच्या मनातली अंतरं मोजली. तुम्ही एका हद्दीच्या आत आलात की प्राणी पळतो. पळायला जागाच उरली नाही आणि तुम्ही आणखी पुढे आलात, की एका दुसऱ्या, आतल्या हद्दीवर तोच प्राणी उलटून झेप घेतो. सर्कशीतल्या सिंहाचा खेळ याच दोन हद्दींवर उभा आहे. माणूस पिंजऱ्यात शिरतो, सिंह मागे सरकत सरकत गजांना टेकतो. माणूस आतली हद्द ओलांडतो, सिंह त्याच्यावर चालून येतो. मध्ये स्टूल ठेवलेलं असतं. सिंह त्यावर चढतो, आणि त्याच क्षणी माणूस एक पाऊल मागे, हद्दीबाहेर. सिंहाचं भांडणाचं कारणच संपलं. तो स्टुलावर बसून राहतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

माणसाच्या बाबतीत हे जसंच्या तसं लागू होतं असं नाही. तरी ज्याला निसटायला वाट नाही असा माणूस जास्त धोकादायक, हे कुणीही अनुभवी हवालदार सांगेल. घरात शिरलेल्या चोराच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नये. त्याला दार दिसू द्यावं.

पण हे सगळं सुचायला डोकं ठिकाणावर हवं, आणि नेमकं तेच त्या क्षणी जागेवर नसतं. १९८७ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी लोकांना हॉटेलातल्या काउंटरवरच्या प्रसंगाच्या स्लाइड दाखवल्या. काहींना दिसलं, की गिऱ्हाईक चेक पुढे करतो. काहींना दिसलं, की तो पिस्तूल रोखतो. बाकी सगळं तेच. बघणाऱ्यांची बुबुळं यंत्रानं टिपली. पिस्तूल असेल तिथे नजर पुन्हा पुन्हा त्यावर जाते आणि तिथेच रेंगाळते, आणि त्या माणसाचा चेहरा पुढे नीट ओळखता येत नाही. पोलिसांना साक्षीदार चाकूच्या मुठीचा रंग सांगतात आणि मिशी होती की नाही ते सांगत नाहीत, यात त्यांची चूक नाही.

आणि ‘काळ थांबल्यासारखा झाला’ म्हणतात, ते? डेव्हिड ईगलमन यांच्या गटानं डॅलसमध्ये स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं, दोरीशिवाय, खालच्या जाळीत सोडलं. मनगटावर एक यंत्र, त्यावर एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगानं लुकलुकणारे आकडे. काळ खरोखर संथ झाला असता तर ते वाचता आले असते. पण पडताना ते जास्त नीट वाचता आले नाहीत. मात्र आपलं पडणं किती वेळ चाललं हे विचारल्यावर त्यांनी ते दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब सांगितलं. आठवण दाट होते, काळ नाही. संकटात आपल्याला जादा वेळ कुणी देत नाही.

उलट कधीकधी शरीर थिजतं. नेदरलँड्समध्ये कारिन रूलोफ्स यांनी लोकांना संवेदनशील पाटावर उभं करून रागीट चेहऱ्यांची नुसती चित्रं दाखवली, तर त्यांचं अंग झुलणं कमी झालं आणि हृदयाचे ठोकेही मंदावले. झुडपाआड दबलेल्या सशाचीच ही खोड आपल्यात उतरली आहे. ‘तू ओरडली का नाहीस?’ असं हल्ल्यातून वाचलेल्या बाईला विचारणाऱ्यांना हा पाट दाखवायला हवा. प्रशिक्षक त्यावर उपाय म्हणून दोनच गोष्टी सांगतात: जोरानं श्वास सोडायचा, आणि बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आधीच पाहून ठेवायचं. हिकच्या दहा दिव्यांतला एकच दिवा लावून ठेवायचा, इतकंच ते.

सगळ्यात मोठं अंतर मात्र भांडण पेटण्याच्या आधी मिळतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रँडल कॉलिन्स यांनी मारामारीची छायाचित्रं आणि चित्रफिती वर्षानुवर्षं पाहिल्या आणि २००८ च्या ग्रंथात म्हटलं, की हिंसा माणसाला सोपी जात नाही. समोरासमोर आल्यावर दोन्ही बाजूंना ताण आणि भीती घेरते, आणि बहुतेक भांडणं आरडाओरड्यावरच विरतात. आपल्या सिग्नलवरचं भांडण आठवा. ‘तू ओळखत नाहीस मला!’ ‘हात लावून दाखव!’ ‘उतर खाली!’ दोघेही पाच मिनिटं तेच म्हणतात आणि हात कुणी लावत नाही. दोघेही आतून म्हणत असतात, कुणीतरी मध्ये पडा रे बाबा. अशा वेळी ‘चुकलं माझं, दादा’ हे तीन शब्द फार स्वस्त पडतात. लुटायला आलेल्याच्या बाबतीत तर वादच नाही. पाकीट, मोबाइल, साखळी एका बाजूला टाकायची आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. ‘गाडीत बस’ म्हणाला तर मात्र ऐकायचं नाही. वस्तू मागणारा आणि तुम्हालाच नेऊ पाहणारा यांत फरक आहे.

कायद्यानंही इथे वेळच मोजली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. पहिला वार खाईपर्यंत थांबा, असं ती सांगत नाहीत. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, भीती टिकेल तोवर टिकतो, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर पाठ फिरवून पळाला आणि तुम्ही त्याला गाठून बदडलात, तर आता आरोपी तुम्ही.

राहिले आजूबाजूचे लोक. २७ जून २०२३ ला सकाळी पुण्यात सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका तरुणीच्या मागे धावला. चित्रफीत राज्यभर फिरली. त्यात लोक बाजूला होताना दिसतात, आणि मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा पुढे होऊन कोयत्याचा हात धरतो. त्याचं धाडस मोठं आहेच. पण हल्लेखोराचं सगळं लक्ष त्या मुलीवर होतं, या वेळी सेकंदाच्या पाचव्या भागाचा उशीर त्याला झाला, हेही खरं.

आपण त्या चित्रफितीतून ‘लोक नुसते बघत राहतात’ एवढंच उचललं. रिचर्ड फिलपॉट, मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधलं लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाउन इथल्या सीसीटीव्हीत टिपलेली २१९ भांडणं पाहिली. दहापैकी नऊ भांडणांत किमान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडला होता. कुणी हात धरला, कुणी मित्राला मागे ओढलं, कुणी नुसता दोघांच्या मध्ये उभा राहिला. केपटाउन इतर दोन शहरांपेक्षा जास्त हिंसक, तरी तिथे मदत कमी नव्हती. आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यता जास्त. म्हणजे गर्दीकडे धावायचं, गर्दीपासून दूर नाही. नुसतं ‘वाचवा’ ओरडलं तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. एकाकडे बोट दाखवून सांगायचं: ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, ११२ लावा!’