सूर्यफुलाच्या बीला धक्का, तेलाला नवे रूप

सूर्यफूल तेलाच्या एखाद्या बाटलीवर ‘हाय ओलिक’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले आहे का? या दोन शब्दांमागे एका बीला दिलेल्या धक्क्याची गोष्ट आहे.

साध्या सूर्यफूल तेलात लिनोलिक आम्ल जास्त असते, त्यामुळे ते तापवल्यावर लवकर खराब होते. सोव्हिएत संघातील क्रास्नोदार येथे सोल्दातोव्ह या संशोधकाने सूर्यफुलाच्या बियांवर डायमिथाइल सल्फेट या रसायनाचा प्रयोग केला. पुढच्या पिढ्यांत भरपूर ओलिक आम्ल असलेली झाडे सापडली. त्यांतून १९७६ च्या सुमारास ‘पेर्वेनेत्स’, म्हणजे ‘पहिले अपत्य’, हे वाण पुढे आले. जगभरातल्या बहुतेक हाय ओलिक सूर्यफुलांचे मूळ याच वाणात आहे.

बीमध्ये काय घडते?

कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बीतल्या डीएनएचे धागे तोडतात. पेशी ते जोडते, पण जोडताना कधी चूक राहते. रसायने डीएनएमधली अक्षरे बदलतात. अशा बदलालाच उत्परिवर्तन म्हणतात.

मात्रा मात्र जपून ठरवावी लागते. ती वाढत जाते तशी उगवण घटते, रोपे खुजी राहतात, पानांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसतात आणि परागकण वांझ होतात. फारच जास्त झाली तर रोप मरते. म्हणून संशोधक आधी थोड्या बियांवर वेगवेगळ्या मात्रा तपासून पाहतात.

खरी निवड दुसऱ्या पिढीत

बरेचसे बदल पहिल्या पिढीत लपलेले असतात. ते दुसऱ्या पिढीत दिसावेत म्हणून झाडाचे स्वतःच्याच परागाने फलन व्हावे लागते. सूर्यफुलावर मधमाश्या दुसऱ्या झाडांचा पराग आणतात, त्यामुळे फुलावर पिशवी बांधतात. मग हजारो झाडांतून एखादे उपयोगी झाड हाती लागते. बाकीचे बदल बहुधा निरुपयोगी किंवा घातकच असतात.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून काळ्या बियांचे ‘टीएएस-८२’ हे वाण तयार झाले. २००७ मध्ये ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले.

मग हे तेल खायचे का?

निर्धास्त खा. गॅमा किरण बीमधून आरपार जातात, बी किरणोत्सारी होत नाही. तुमच्यापर्यंत पोहोचते ते तर त्या बीच्या कित्येक पिढ्यांनंतरच्या झाडाचे तेल असते. रसायनांचे प्रयोग मात्र घरी किंवा शाळेत मुळीच करू नका. ती माणसाच्या डीएनएलाही तितकीच घातक असतात.